परभणीच्या गारठ्यात जुनी स्पोर्ट्स कार : एका मेसेजला उत्तर

दिवाळी सरून हवेत गारठा आला की तो मेसेज न चुकता येतो. यंदा मला तो चार जणांनी पाठवला. त्यातला एक माझा नांदेडचा आतेभाऊ. त्याच्याकडे हैदराबादहून आणलेली ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आहे. गेल्या वर्षी त्यानं मेसेज अक्षर न अक्षर पाळला. नोव्हेंबरात गाडी ताडपत्रीखाली घातली, ती फेब्रुवारी संपताना काढली. तेव्हा क्लच सुटेना आणि मागचं एक चाक जागचं हलेना. "ताई, लिहिलं होतं तसंच केलं की मी," तो फोनवर म्हणाला. झालं ते थंडीनंच झालं अशी त्याची समजूत, म्हणून यंदा त्यानं ताडपत्री दुहेरी घातली आहे. हे ऐकलं आणि ठरवलं की या मेसेजला एकदा सविस्तर उत्तर द्यायचंच.

मेसेज असा आहे : "थंडी आली. क्लासिक स्पोर्ट्स कारवाल्यांनो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाडी रोज वापरू नका. थंडीत पत्रा गंजतो. पाणी गोठून रेडिएटर आणि इंजिन फुटतं. गाडी नीट झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा जागेवरच दहा मिनिटं सुरू करा, तेवढं पुरतं. जाड तेल काढून पातळ सिंथेटिक भरा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या या गाड्या गार रस्त्यावर घसरतात. जुनी वायरिंग थंडीत दगा देते. बिघडली तर आपल्याकडे दुरुस्त करणारं कुणी नाही. आणि तसंही पन्नास वर्षांवरची गाडी रोज चालवायला कायद्यानं बंदी आहे."

माझी गाडी १९६६ सालची एमजीबी, तीही ब्रिटिशच. वरचं कापडी छत मागं टाकता येतं अशी, दोन माणसांची. अण्णांनी ती मुंबईहून आणली. ते आता स्वतः चालवत नाहीत, पण अंगणातून गाडी बाहेर निघताना आवाज ऐकून चोक किती ओढलाय ते आतून सांगतात. माझी नोकरी जिंतूरला. परभणीहून झरी, बोरी करत चाळीसेक किलोमीटर जायचं आणि संध्याकाळी तेवढंच यायचं. थंडीचे चार महिने हा रस्ता मी याच गाडीनं करते, आणि या गाडीला वर्षातले सगळ्यात सुखाचे महिने हेच आहेत.

पत्र्याच्या गंजापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त लोक त्यालाच भितात. भीती खोटी नाही, फक्त ती आपल्या गावची नाही. इंग्लंडात, कॅनडात, अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. खारं पाणी शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय गोठत नाही, म्हणून ही युक्ती. तेच खारं पाणी चाकांनी उडतं, गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्र्याच्या जोडांत शिरून बसतं. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून गाडीचं अंग तयार केलंय. दाराखालून जी पोकळ पट्टी जाते, जिला सिल म्हणतात, ती या गाडीचा कणा. तो कणा मिठानं आतून खाल्ला की दार लागेनासं होतं आणि गाडी मधोमध वाकते. तिकडचा माणूस हिवाळ्यात एमजीबी झाकून ठेवतो ते या मिठामुळं. परभणी–जिंतूर रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही.

उलट आपल्या थंडीत हवा कशी असते ते आपल्या अंगालाच ठाऊक असतं. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, धुतलेली गोधडी दुपारपर्यंत कडक वाळते. लोखंडावर गंज जोमानं चढायला हवेत साधारण साठ टक्क्यांवर दमटपणा लागतो. तो आपल्याकडे जून ते सप्टेंबर असतो. त्या चार महिन्यांत गाडी जपा, मी तुमच्या सोबत आहे. पहाटे दव पडतं हे खरं, पण गाडी रस्त्यावर आली की वाऱ्यानं आणि इंजिनाच्या उबेनं ते बोरी येईपर्यंत उडून जातं.

आता ताडपत्रीखाली काय होतं ते पाहा. आपली काळी माती पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते. रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर येते, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. अंगणातल्या मातीवर गाडी उभी करून वरून प्लास्टिकची ताडपत्री जमिनीपर्यंत ओढली, की दिवसा उन्हानं मातीतली ओल वाफ होऊन वर येते, रात्री गार पत्र्यावर थेंब होऊन बसते आणि तिला बाहेर जायला वाट नसते. ज्वारीला जगवणारी ओल गाडीला मारते. भावाचा क्लच चिकटला तो असाच : क्लचप्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनची जड चकती) यांच्यामध्ये गंज धरला. मागचं चाक अडलं ते ब्रेकच्या सिलिंडरमध्ये गंज चढून. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि गाडी उभीच राहिली तर ते पाणी पिस्टनपाशी बसून लोखंड खातं. रोज ब्रेक दाबला असता तर पिस्टन मागंपुढं होत राहिला असता आणि असा अडकला नसता. गाडी ठेवायचीच असेल तर फरशीवर, शेडमध्ये, सुती कापड टाकून ठेवा. प्लास्टिक नको.

पाणी गोठण्याचा मुद्दा मात्र लवकर संपतो. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि बिडाचं इंजिनसुद्धा तडकवू शकतं, हे खरं आहे. त्यासाठी पारा शून्याखाली जाऊन काही तास तिथं राहावा लागतो. परभणी म्हणजे मराठवाड्यातलं गारठ्याचं गाव. थंडीची लाट आली की इथल्या कृषी विद्यापीठातला आकडा बातम्यांत येतो, आणि तो पाच-सहा अंश असला तरी अख्खा जिल्हा शेकोटीला बसतो. पण पाच अंशाला पाणी गोठत नाही.

रेडिएटरला आपल्याकडे खरा धोका आहे तो बोअरच्या पाण्याचा. इथलं बोअरचं पाणी जड. ज्या पाण्यानं घरच्या नळावर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तेच पाणी लोक डब्यानं रेडिएटरमध्ये ओततात. मग नळ्या आतून अरुंद होतात आणि मे महिन्यात गाडी उकळते. तेव्हा दोष उन्हाला जातो. शुद्ध केलेल्या पाण्यात निम्मं कूलंट घाला. ते न गोठण्यासाठी असतं असं समजून लोक म्हणतात, इथं कशाला हवं? पण त्याच कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि त्यानं पाण्याचा उत्कलनबिंदूही वर जातो. आपल्याला त्या दोन गुणांसाठी ते हवं.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडच्या कितीतरी गॅरेजांत पहिलं काम काय करतात, तर थर्मोस्टॅट काढून फेकतात. "गाडी गार राहते," म्हणतात. उन्हाळ्यात ते खपून जातं. हिवाळ्यात मात्र त्या गाडीचं इंजिन जिंतूर आलं तरी नीट तापत नाही. न तापलेल्या इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही, तेलात उतरतं, आणि तेल पातळ होऊन सिलिंडर झिजतात. एमजीबीसाठी कारखान्यानं तीन थर्मोस्टॅट सांगितले होते : नेहमीसाठी ८२ अंशांचा, गरम मुलखासाठी ७४ चा आणि कडक थंडीसाठी ८८ चा. मी दसऱ्यानंतर ८२ चा घालते आणि होळीला ७४ चा. तीन नट आणि एक गॅस्केट, एवढंच काम आहे.

आता मेसेजमधली जी सूचना सगळ्यात निरुपद्रवी वाटते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते, तिच्याकडे येते. आठवड्यातून एकदा जागेवर दहा मिनिटं.

एक लिटर पेट्रोल जळालं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, त्यातून ते येतं. इंजिन आणि सायलेन्सर तापलेले असले की ते वाफ होऊन बाहेर पडतं. थंडीत पहाटे रॉकेलच्या स्टोव्हसारखा पांढरा धूर दिसतो तो हाच. दहा मिनिटं जागेवर चालवलेल्या गाडीचा सायलेन्सर शेवटपर्यंत तापतच नाही. वाफ आतच थिजते, पाणी तळाशी साचतं, आणि पुढच्या रविवारी त्यात आणखी भर पडते. इंजिनातही तेच. तेलाचं झाकण काढून आतून बोट फिरवा. लोण्यासारखा पिवळट चिकट थर दिसला तर ते तेलात मिसळलेलं पाणी आहे. आतेभावाच्या झाकणाला तो होता.

दुसरं म्हणजे चोक, गार इंजिन सुरू करताना ओढतात तो. एमजीबीला एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारी यंत्रं, आहेत. त्यांत चोकचं बटण ओढलं की हवा अडत नाही, पेट्रोल सोडणारी नळी, म्हणजे जेट, खाली सरकते आणि मिश्रण दाट होतं. दाट मिश्रणातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतं आणि तिथला तेलाचा पातळ थर धुऊन नेतं. गाडी जागेवर, इंजिन गार, चोक ओढलेला, आणि तेही दहा मिनिटं. सिलिंडर झिजवायला याहून चांगला मार्ग नाही. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांबरोबर मालकासाठी जी पुस्तिका यायची, तिच्यातच हे बजावलेलं आहे : गार इंजिन मंद गतीनं जागेवर तापवू नका, त्यापेक्षा सरळ रस्त्यावर काढलेली बरी. साठ वर्षांपूर्वी गाडी बनवणाऱ्यांनी हे लिहून ठेवलं आणि आज आपण उलटं पसरवतोय.

तिसरं, बॅटरी. बॅटरी चार्ज करायला माझ्या गाडीला आताच्यासारखा अल्टरनेटर नाही, जुना डायनॅमो आहे. मंद चालणाऱ्या इंजिनावर डायनॅमो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. स्टार्टर मारायला जेवढी वीज गेली तेवढीसुद्धा दहा मिनिटांत परत येत नाही. असे आठ-दहा रविवार गेले की बॅटरी झोपते आणि लोक म्हणतात, थंडीनं गेली.

मी काय करते ते सांगते. सकाळी पावणेआठला चोक पूर्ण ओढून स्टार्टर. इंजिननं पकडलं की चोक अर्ध्यावर. तेलाच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत थांबायचं, म्हणजे अर्धा मिनिट, आणि निघायचं. गल्ली ते हायवे दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आत ठेवून. गियरबॉक्समध्येही इंजिनचंच तेल असतं, ते गार असेपर्यंत दुसरा गियर जरा अडतो, म्हणून जोर लावायचा नाही. दोन किलोमीटरला चोक पूर्ण आत. झरीच्या अलीकडे पाण्याचा काटा जागेवर येतो. मग गाडी मोकळी सोडायची. आठ अंशांची हवा चाळीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे अकरा टक्के घट्ट असते. इंजिनला प्रत्येक श्वासात तेवढा जास्त प्राणवायू मिळतो. डिसेंबरात ही गाडी बोरीच्या पुढच्या सरळ रस्त्यावर जशी धावते तशी एप्रिलमध्ये धावत नाही. हे कानाला कळतं.

मेसेजची बाजू इथं एका ठिकाणी धरते. घरापासून भाजी मंडईपर्यंत, म्हणजे दोन-तीन किलोमीटरसाठी ही गाडी थंडीत काढू नका. तेवढ्यात ती तापत नाही आणि वर सांगितलं ते सगळं नुकसान होतं. रोज चालवायची तर निदान पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवा.

पातळ सिंथेटिक तेलाबद्दल थोडक्यात. तेलाच्या डब्यावर २०डब्ल्यू-५० लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. २० डब्ल्यू तेलाची कसोटी शून्याखाली पंधरा अंशांना घेतात. आपली सगळ्यात कडक पहाटही त्यापासून पंधरा अंशांहून जास्त दूर आहे. या इंजिनांचे टॅपेट, म्हणजे झडपा उघडणारे खुंटे, सपाट तळाचे असतात आणि त्यांना उचलणाऱ्या कॅमवर घासत चालतात. त्यांना तेलात जस्ताचं संयुग लागतं आणि आजकालच्या बऱ्याच पातळ तेलांत ते कमी केलेलं असतं. शिवाय पातळ तेल जुन्या जोडांतून गळतं. २०डब्ल्यू-५० ठेवा आणि पाच हजार किलोमीटरच्या आत बदला.

पेट्रोलबद्दल मेसेजमध्ये काही नाही, आणि थंडीत लक्ष द्यावं असं खरं काम तिथंच आहे. २०२५ पासून पंपावर जे मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. साध्या पेट्रोलला जळायला चौदा-पंधरा पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पट. म्हणजे पेट्रोलचं माप ठरवणाऱ्या जुन्या सुईवर चालणारा कार्ब्युरेटर आता कमी पेट्रोल देतोय. शिवाय वाफ होताना इथेनॉल जास्त उष्णता ओढून घेतं, त्यामुळं गार सकाळी इंजिन पकडायला वेळ लावतं. दोन्हीवर उपाय एकच, मिश्रण थोडं दाट करून घ्या. एसयूमध्ये जेटखालचा नट फिरवून ते होतं. इथेनॉल पाणीही पितं, आणि गारठ्यात ते पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून थंडीत टाकी भरलेली ठेवा, आत हवेला जागा उरू देऊ नका. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला. माझी जुनी नळी आतून मऊ पडून तिचे काळे कण कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या भांड्यात आले होते. पेट्रोल नळी गळत असेल तर आज थांबा, बाकी सगळं नंतर.

गार रस्त्यावर घसरण्याचा मुद्दा. टायरचं रबर सात अंशांखाली कडक होतं म्हणून युरोपात हिवाळ्याचे वेगळे टायर वापरतात. परभणीत सात अंश असतात ते पहाटे पाच-सहाला. मी निघते तेव्हा ऊन आलेलं असतं. जुन्या स्पोर्ट्स कारचे टायर घसरतात ते वयानं. या गाड्या कमी फिरतात, नक्षी झिजत नाही, म्हणून टायर पंधरा-पंधरा वर्षं तसेच राहतात आणि लाकडासारखे होतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ते वाचा. दहा वर्षांच्या वरचा टायर नक्षी कितीही चांगली असली तरी काढून टाका.

पण रस्त्याचा धोका मी हलका मानत नाही. तो आपल्या थंडीत आहेच, आणि मेसेज लिहिणाऱ्याला तो दिसलाच नाही, कारण त्यानं आपला रस्ता पाहिलेला नाही. हा साखर कारखान्यांचा हंगाम. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस कडेनं दोन हात बाहेर आलेला, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. एमजीबीत माझं डोकं जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर. धुक्यात किंवा सांजवेळी समोर अंधार दिसतो आणि तो अंधार म्हणजे ट्रॉलीचं बूड असतं. दुचाकीवाल्यांचे जीव त्यात जातात, हे इथल्या प्रत्येक घरानं ऐकलेलं आहे. माझी गाडी त्या उसाच्या खाली जाईल एवढी बुटकी आहे. म्हणून मी जिंतूरहून साडेपाचच्या आत निघते. उशीर झाला तर गाडी तिथंच ठेवून एसटीनं येते. धुकं असेल त्या सकाळी गाडी काढत नाही, असे दिवस हंगामात सात-आठच असतात. कारखान्याच्या रस्त्याला लागणारी कुणी मंडळी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती : ट्रॉलीमागं लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावा. ती काही महाग नसते.

दुसरी गोष्ट रस्त्यावरच्या खळ्याची. सोयाबीन, मग तूर, मग ज्वारी, डांबरावर पसरलेली असते. मोठ्या गाड्या त्यावरून जातात. माझ्या गाडीचा सायलेन्सर जमिनीपासून वीतभरच उंच. काड आणि भुसकट त्या तापलेल्या नळीला गुंडाळलं की आग लागू शकते. खळं आलं की मी थांबते, कडेनं वाट मागते. तिथली बाई नाहीतर आजोबा फावड्यानं धान्य सरकवून जागा करून देतात, आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. तरीही पुढं जाऊन वाकून नळी बघते.

वायरिंगचं. शून्याखाली अठरा अंशांना बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते. आपल्या आठ अंशांना थोडीशीच. बॅटरीचं आयुष्य खाणारा आपला महिना मे आहे. माझी गाडी थंडीत एकदाच बंद पडली, बोरीला. कारण बॅटरीच्या तारेवर चढलेला पांढरा क्षार, सँडपेपरनं दोन मिनिटांत निघाला असता. पण मदतीला आलेल्या एका बॅटरीवाल्यानं दुसऱ्या गाडीवरून तारा जोडल्या आणि सवयीनं काळी तार बॉडीला लावली. १९६६ च्या एमजीबीत बॉडीला बॅटरीचं प्लस टोक जोडलेलं असतं, आताच्या गाड्यांच्या उलट. ठिणग्या उडाल्या आणि इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा कायमचा मेला. माणूस मदत करायला आला होता, त्याला सांगणं माझं काम होतं. आता बॅटरीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "बॉडीला प्लस". डायनॅमो जेमतेम बावीस अँपिअर देतो, म्हणून हेडलाइट आणि वायपर एकदम लावून रात्री लांब जायचं नाही. ही मर्यादा बाराही महिने आहे, थंडीपुरती नाही.

"आपल्याकडे दुरुस्त करणारं कुणी नाही" हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन १९५५ साली एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये आलं, आणि तेवढ्याच सीसीचं तेच इंजिन आपल्या अँबेसिडरमध्ये वर्षानुवर्षं चाललं. म्हणजे आमदारांपासून काळी-पिवळीपर्यंत मराठवाडा ज्या गाडीत बसला तिचं इंजिन आणि या स्पोर्ट्स कारचं इंजिन एकाच आईची लेकरं. जुन्या अँबेसिडरला कार्ब्युरेटरसुद्धा एसयूचाच.

अण्णांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा परभणीतले एक म्हातारे मिस्त्री शेजारी उभे होते. त्यांनी टॅपेटचं झाकण बघितलं, डिस्ट्रिब्युटर बघितला आणि म्हणाले, "सर, हे तर आपल्या अँबेसिडरचंच हाय की हो. कार्ब्युरेटर तेवढे दोन हायेत." फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) न मागता त्यांनी टॅपेट ऐकून लावले, मग गेजनं तपासले तर बरोबर. भाग जसेच्या तसे बसत नाहीत हे मान्य. माझ्या इंजिनातला मुख्य दांडा पाच बेअरिंगांवर फिरतो, अँबेसिडरचा तीन. पण कसब तेच आहे. एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यांचे सुटे भाग इंग्लंडात आजही नवे तयार होतात आणि पोस्टानं येतात. ज्यांच्या हातात अँबेसिडर गेली ते मिस्त्री आज सत्तरीला आहेत, नांदेडला आहेत, जालन्याला आहेत, लातूरला आहेत. गाडी ताडपत्रीखाली ठेवून आपण त्यांच्याकडे जात नाही, त्यांच्या पोरांना हे शिकायला मिळत नाही. मग खरंच कुणी उरणार नाही.

राहिला कायदा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली. त्या गाडीच्या नंबरात "व्हीए" अक्षरं असतात. ती पाटी घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. मेसेज एवढ्यापुरता बरोबर आहे. पण जिची जुनी साधी नोंदणी चालू आहे, जिचं दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेस होऊन नूतनीकरण होतं, जिचा पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी भरलेला आहे, ती गाडी रोज चालवता येते. माझी तशीच आहे. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश ऐकून लोक घाबरतात, ते दिल्ली आणि आसपासच्या भागासाठीचे आहेत. व्हीए पाटी घेण्याआधी मात्र नीट विचार करा. आतेभावाच्या मनात ती घ्यायचं आलं होतं. त्याला मी थांबायला सांगितलंय.

त्याच्याकडे रविवारी जातेय. सोबत ब्रेकचं नवं तेल, मागच्या सिलिंडरांचे रबर आणि लाकडाची एक मजबूत फळी घेतलीय. क्लच यंदाही चिकटला असेल तर आधी इंजिन पुरतं तापवायचं, मग चौथ्या गियरमध्ये पेडल दाबून त्या फळीनं टेकवून ठेवायचं आणि मोकळ्या मैदानात गाडी हळूहळू हिसके देत पुढं ढकलायची. बहुतेक वेळा तेवढ्यानं सुटतो. परभणीचे ते म्हातारे मिस्त्री बरोबर येतो म्हणालेत, त्यांचा नातूही येतोय. दुहेरी ताडपत्री हुरड्याच्या जागी अंथरायला उपयोगी पडेल, असं भावाला कळवलंय.